बागेतला दगड रोवावा लागतो : सातारा-सांगलीकडच्या घरांसाठी पहिल्यापासून

सातारा-सांगलीकडे दगडाला तोटा नाही. विहीर खणा, पाया खणा, काळा पाषाण वर येतोच. तरी घरापुढच्या चार हात जागेत दगड मांडायचा म्हटलं की बहुतेक जण पांढऱ्या गुळगुळीत गोट्यांची पोती आणून ओततात, आणि दोन पावसाळ्यांत ते गोटे चिखलात गडप होतात. दगडाखाली काय आहे, पाणी कुठे जाणार आणि माती किती फुगते हे आधी कुणी पाहिलेलं नसतं. म्हणून हा लेख दगडापासून नाही, जमिनीपासून सुरू होतो.

आधी जमीन ओळखा

जावळी, पाटण, महाबळेश्वरच्या बाजूला तांबडी माती आणि हात-दीड हातावर मुरूम. पाणी मुरतं, दगड फारसा खचत नाही, पण शेवाळ भरपूर. माण, खटाव, जत, आटपाडीकडे हलकी मुरमाड जमीन आणि कमी पाऊस. दगडासाठी ही सगळ्यांत सोपी जमीन. खरी कसोटी कृष्णाकाठी लागते. कराड, वाळवा, पलूस, मिरज या पट्ट्यातली काळी माती पावसात फुगते आणि एप्रिल-मेमध्ये हात जाईल एवढ्या भेगा पाडते. तिच्यावर नुसता ठेवलेला दगड दर वर्षी वर-खाली होतो आणि शेवटी एका अंगावर कलतो.

दीड फूट खोल खड्डा काढा आणि पाण्याने भरा. ते मुरलं की पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी चार तासांनंतरही उभं असेल तर निचरा वाईट आहे आणि दगडाखाली खडी-मुरमाचा थर घालावाच लागेल.

कालव्याच्या पाण्यावर भिजणाऱ्या भागात आणखी एक गोष्ट बघा. उन्हाळ्यात जमिनीवर पांढरा पापुद्रा धरतो का? धरत असेल तर जमीन क्षारपड आहे. मातीतलं खारं पाणी सच्छिद्र दगडात चढतं, वर येऊन सुकतं आणि क्षारांचे खडे दगडाच्या छिद्रांत वाढून वरचं कातडं उचकटून काढतात. अशा जागी जांभा नको, शाहाबादी फरशीही नको. भरीव काळा दगड घ्या आणि खाली २० मिलिमीटरच्या खडीचा चार इंच थर द्या. त्या खडीत भुकटी मिसळलेली नको, कारण मोकळ्या पोकळ्यांमुळेच पाणी वर चढायचं थांबतं.

सांगली शहराच्या सखल भागात राहत असाल तर २००५ आणि २०१९ चे महापूर आठवा. पूर ओसरला की बोटभर ते वीतभर गाळ मागे राहतो. बारीक गोट्यांत बसलेला गाळ धुऊन निघत नाही, सगळे गोटे उपसून चाळावे लागतात. तिथे थोडेच पण मोठे, खोल रोवलेले दगड लावा आणि गोट्यांचा नाद सोडा.

कोणता दगड कशाला

काळा दगड, म्हणजे बेसाल्ट, हा इथला घरचा दगड. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचलेल्या लाव्हारसातून तो झाला. मेणवलीचा कृष्णेवरचा घाट किंवा लिंबची बारा मोटेची विहीर एकदा निवांत बघून या. शतकानुशतकं पाण्यात आणि उन्हात राहून या दगडाचं काय होतं ते कळतं, आणि दोन दगडांमधला सांधा कसा असावा हेही. बागेतला मुख्य दगड, पायऱ्या, पायवाट या सगळ्याला आमची पहिली पसंती यालाच. मात्र घाटरस्त्याच्या कापणीत दिसतो तसा, कांद्यासारखे पापुद्रे सुटणारा कुजका काळा दगड घेऊ नका. दोन-तीन पावसाळ्यांत त्याचा मुरूम होतो.

जांभा महाबळेश्वर-पाचगणीच्या माथ्यावर दिसतो, पण विकत मिळणारा चिरा, म्हणजे जांभ्याचा कापलेला ठोकळा, बहुधा कोकणातून घाट चढून येतो. खाणीतून निघताना तो मऊ असतो आणि हवा लागेल तसा टणक होतो. छिद्रांत ओल धरतो, म्हणून सावलीतल्या कोपऱ्यात, नेच्यांच्या शेजारी, बुटक्या कडेला उत्तम. भर उन्हात त्याची शोभा राहत नाही आणि पायवाटेला तो झिजतो.

शाहाबादी, कोटा, तांदूर, कडप्पा या सगळ्या चुनखडी जातीच्या फरशा. पायवाटेला आणि बसायच्या कट्ट्याला चालतात. फक्त लक्षात ठेवा, आम्ल लागलं की त्यांचा पृष्ठभाग खाल्ला जातो. म्हणून त्यांच्यावर फरशी धुवायचं ॲसिड कधी ओतू नये.

पांढरी मार्बल चीप आणि पांढरे गोटे जपून वापरा. एक तर मेच्या उन्हात त्यांची तिरीप पानांच्या खालच्या बाजूला लागते आणि कोवळी पानं करपतात. दुसरं म्हणजे मार्बल हळूहळू विरघळून मातीला चुना पुरवत राहतो. कृष्णाकाठची काळी माती मुळातच चुनखडीची. त्यात अनंत, गुलाब, मोगरा यांना लोह उचलता येत नाही आणि पान पिवळं, शिरा हिरव्या असं दिसू लागतं. लोक खत वाढवतात, कारण मात्र बुंध्याशी पसरलेल्या शोभेच्या दगडात असतं.

नदीतले गोटे सुंदर असतात यात शंका नाही, पण कृष्णा, कोयना, वेण्णा, येरळा यांच्या पात्रातून पोत्यात भरून आणू नका. दगड, वाळू, मुरूम ही गौण खनिजं आहेत आणि महसूल खात्याच्या परवानगीशिवाय ती उचलणं हा गुन्हा ठरतो. विक्रेत्याकडून घेताना पावती आणि वाहतुकीचा पास मागा. कासच्या सड्यावरून, म्हणजे खडकाळ पठारावरून, तर एक खडाही आणू नये. २०१२ पासून तो जागतिक वारशाचा भाग आहे, आणि तिथल्या पातळ मातीतल्या रोपांना त्या दगडाच्या आडोशाचाच आधार असतो.

दगडाच्या डेपोवर पारख करताना

सोबत हातोडी, खिळा, पाण्याची बाटली आणि एक लिंबू न्या.

हातोडीने हलकेच ठोका. भरीव दगड खणखणतो, आतून फुटलेला बद्द वाजतो. मग अंगावर पाणी ओता आणि थांबा. दगड वाळत आला की सगळा भाग फिकट होतो, पण जिथे चीर असते तिथे पाणी अडकून राहतं आणि केसाएवढी काळी रेघ उठून दिसते. ती रेघ आरपार जात असेल तर तो दगड सोडा. खिळ्याने ओरखडा काढा. चांगल्या काळ्या दगडावर खिळ्याचीच चकचकीत खूण उमटते, कुजक्या दगडाची भुकटी निघते. फरशी असेल तर खिळ्याने खरवडून त्या भुकटीवर लिंबू पिळा. बारीक बुडबुडे आले की ती चुनखडी समजा. चकचकीत रंगीत गोटे पांढऱ्या ओल्या फडक्याने जोरात घासा. फडक्याला रंग किंवा तेलकटपणा लागला तर पहिल्याच पावसात त्यांचं खरं रूप बाहेर येईल.

किती घ्यायचा? भरीव काळा दगड एका घनफुटाला ८० ते ८५ किलो भरतो, जांभा ६० किलोच्या आसपास, आणि सुटे गोटे किंवा खडी सुमारे ४५ किलो. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. आता हिशेब करा. १० फूट लांब, ४ फूट रुंद वाफ्यात दोन इंच जाडीचा गोट्यांचा थर म्हणजे ६.७ घनफूट, म्हणजे ३०० किलो. दहा टक्के जास्त धरून ३३० किलो मागवा. ब्रासभर खडी दारात उतरवून घेतली तर निम्म्याहून जास्त वर्षभर तिथेच पडून राहील. मोठ्या दगडाची लांबी, रुंदी, उंची फुटांत मोजून गुणा आणि ओबडधोबड आकारासाठी त्यातलं साठ टक्के धरा. दोन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच दगड असा सव्वादोनशे किलोच्या घरात जातो. फोटोत तो बेताचाच वाटतो, म्हणून हा हिशेब गाडी बोलवायच्या आधी करा.

मोठा दगड रोवणे

सगळ्या कामाचा गाभा इथे आहे. डोंगरउतारावर दिसणारा दगड जमिनीतून वर आलेला असतो, जमिनीवर ठेवलेला नसतो. बागेत तो तसाच दिसायला हवा, म्हणून उंचीचा निदान तिसरा हिस्सा मातीत जायला हवा.

वेळ निवडा. काळ्या मातीत दिवाळीनंतर संक्रांतीपर्यंत, वाफसा असताना, म्हणजे माती ना चिकट ना कडक असताना, काम करा. मेमध्ये भेगाळलेल्या जमिनीत रोवलेला दगड जूनमध्ये माती फुगली की हलतो, आणि भर पावसात खणलेल्या खड्ड्यातला चिखल ठोकून बसत नाही.

जागा ठरवताना दगड हलवत बसू नका. रिकाम्या गोणीत पाचट भरून दगडाएवढी करा, ती दोन दिवस जागेवर ठेवा, आणि खिडकीतून, फाटकातून, बसायच्या जागेवरून बघा. गोणी हलवायला कष्ट पडत नाहीत. मग चुन्याच्या फक्कीने आखणी करा.

खड्डा दगडापेक्षा चारी बाजूंनी वीतभर मोठा असू द्या. खोली म्हणजे जेवढा दगड गाडायचा तेवढी, आणि काळ्या मातीत वर आणखी सहा इंच. या सहा इंचांत चार इंच मुरूम भरा, थोडं पाणी शिंपडा आणि धुमसाने, म्हणजे माती ठोकायच्या जड ठोकण्याने, ठोका. धुमस उसळून परत यायला लागला, खूण उमटेनाशी झाली, की थर बसला. वरचे दोन इंच बारीक खडी. मुरमाड जमिनीत नुसती दोन इंच खडी पुरते.

दगड सरकवायला दोन पहारी, तीन-चार दोन इंची लोखंडी पाइपचे तुकडे आणि एक जाड फळी लागते. फळीवर पाइप आडवे टाका, त्यावर दगड घ्या, मागचा पाइप मोकळा झाला की पुढे आणा. उतारावर दगड घसरू नये म्हणून त्याला उटी, म्हणजे अडण, लावणारा माणूस वेगळाच हवा, त्याने दुसरं काम करू नये. पहारीने उचललेल्या दगडाखाली हात घालू नका. खाली काही सारायचं असेल तर लाकडाने सारा. दोनशे किलोच्या वरच्या दगडाला सरावाचे कारागीर बोलवा. वडार कारागीर पहारीच्या चार हिसक्यांत दगड जिथे बसवतात, तिथे नवखी चार माणसं दुपार घालवतात.

खड्ड्यात गेला की दगड फिरवून बघा. रुंद बाजू खाली, थरांच्या रेघा आडव्या, बाहेर पडून हवा-पाण्याने रंगलेली बाजू समोर, सुरुंगाची किंवा पहारीची ताजी जखम मागे. हलत असेल तर पोकळीत दगडाचीच पाचर ठोका. वीट किंवा सिमेंटचा तुकडा नको, तो फुटतो. मग चारी बाजूंनी मुरूम-खडी सहा-सहा इंचांच्या थरांत भरून ठोका. वरच्या तीन इंचांत माती घाला, रोपं तिथे लागतील. शेवटी दगडावर उभं राहून वजन इकडून तिकडे टाका. तो किंचितही डोलला तर परत काढा. आज आळस केलात तर पावसाळ्यात तो लहान मुलाच्या अंगावर येऊ शकतो.

दगड एकटा असेल तर तो आडवा, पसरट निवडा. आपल्याकडे एकटा उभा दगड म्हणजे म्हसोबा, बिरोबा किंवा बांधाचा दगड, आणि नजर त्याला तसंच वाचते. उभा हवाच असेल तर शेजारी दोन बसके द्या. तिघांचे आकार वेगळे असावेत, जात मात्र एकच. काळा, जांभा आणि पिवळा जैसलमेर एकाच वाफ्यात आणलात तर बागेला डेपोची कळा येते.

पायवाट

एका पावलाला एक दगड, दीड फूट रुंद, जाडी किमान दोन इंच. इंचभर जाडीची शाहाबादी फरशी खाली पोकळी राहिली की मधोमध तडकते, तक्रार मात्र फरशीची होते. एका दगडाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत २२ ते २४ इंच धरा. घरात वयस्कर माणसं असतील तर २०. दगड आधी मातीवर नुसते मांडून घरातल्या सगळ्यांना चालायला लावा, मगच खणा.

मुरमाड जमिनीत चार इंच आणि काळ्या मातीत सात इंच खणा. दोन्ही मापं दगडाची जाडी सोडून. तळाशी मुरूम ठोकून बसवा, वर दीड इंच कच, म्हणजे खडीची बारीक चुरी. दगड ठेवा, रबरी हातोडीने चारी कोपरे ठोका, पाणसळ लावा. अगदी सपाट नको. घरापासून बाहेरच्या दिशेने दहा फुटांना दोन इंच उतार असू द्या, नाहीतर पाणी साचून शेवाळ धरतं. दगडाचा माथा मातीपेक्षा अर्धा इंच वर. गवताचं मशीन वापरत असाल तर मातीच्या बरोबरीत. सांध्यात सिमेंट भरू नका. काळी माती हलली की सिमेंट तडकतं, मोकळा कच मात्र पुन्हा भरता येतो. पॉलिश केलेला दगड पायवाटेला कधीच नको. छिन्नीने टाकी मारलेला किंवा नैसर्गिक खडबडीत घ्या.

गोट्यांचा वाफा

तण मुळासकट काढा, हरळी आणि लव्हाळ्याच्या गाठी चाळून काढा. लव्हाळा कापडही भोकसून वर येतो. माती तीन इंच खाली घ्या, वर तणरोधक कापड अंथरा, जोड वीतभर एकावर एक. इथे प्लास्टिकचा कागद हमखास नुकसान करतो. पाणी खाली जात नाही, मुळं गुदमरतात आणि कागदावर साचलेल्या पाण्यात गोटे तरंगल्यासारखे सरकतात. कडेला काळ्या दगडाची किंवा जांभ्याची बुटकी बांधणी हवी, नाहीतर महिन्याभरात गोटे अंगणभर होतील. गोटे धुऊन मगच टाका, थर दोन इंच. गोट्यांचा आकार २० ते ४० मिलिमीटर बरा. बारीक असले की चपलेत जातात, मोठे असले की पाय मुरगळतो.

घराच्या भिंतीपासून दीड फूट आणि झाडाच्या बुंध्यापासून फूटभर जागा मोकळी सोडा. आंब्याभोवती हौसेने पार बांधून बुंध्यावर माती चढवतात, साल ओली राहून कुजते आणि झाड काही वर्षांत वाळायला लागतं. चिंच, गुलमोहर अशा बारीक पानांच्या झाडाखाली गोटे टाकूच नका. ती पानं झाडूने निघत नाहीत, गोट्यांत कुजून माती होतात आणि त्यात तण रुजतं.

दगडाला कोरफड, घायपात, ऑफिस टाइम उन्हात शोभतात. सावलीत जांभ्याशेजारी नेचे, पावसाळ्यात तेरडा. रोप काळ्या दगडाला चिकटवून लावू नका. मेमध्ये दगड दिवसभर तापतो आणि रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडतो. वीतभर अंतर ठेवा आणि दगडाच्या पूर्वेला लावा, म्हणजे दुपारनंतर सावली मिळेल.

जुनी जाती, उखळं, डोणी

जुन्या वाड्यातून निघालेलं जातं, उखळ किंवा दगडी डोण बागेत फार शोभते. उखळात साठलेलं पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण ओतून आतून घासा, कारण डासाची अंडी ते उडता डास हा प्रवास आठ-दहा दिवसांत होतो. मात्र गावाबाहेर पडलेल्या वीरगळ, सतीशिळा किंवा मूर्तीचा तुकडा शोभेसाठी आणू नका. किकलीसारख्या गावात गेलात तर कळेल की एकेक वीरगळ म्हणजे कुणाच्या तरी मरणाची नोंद आहे. शंभर वर्षांहून जुनी शिल्पं १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येतात. ती जिथे आहेत तिथेच राहिली पाहिजेत.

दगडाखालचे रहिवासी आणि पहिला पावसाळा

रचून ठेवलेल्या दगडांत विंचू, घोणस, फुरसं आसरा घेतात. उरलेले दगड भिंतीलगत ढिगाने ठेवू नका. पडलेला दगड उलटताना बूट घाला आणि पहारीने पलीकडची कड आधी उचला, म्हणजे खाली जे असेल ते तुमच्याकडे न येता पलीकडे निघेल. रोवलेल्या दगडाभोवती पोकळी दिसली की लगेच बुजवा. साप चावला तर बांधणं, चिरणं यात वेळ घालवू नका. चावलेला भाग हलू न देता १०८ ला फोन करा आणि सरकारी रुग्णालय गाठा.

पायवाटेवरचं शेवाळ ताठ झाडूने आणि कोरड्या कचाने घासून काढा. सावलीतल्या जांभ्यावर ते हवंच असेल तर पातळ ताक फासा आणि रोज पाणी शिंपडा. दगडाला ऑइलपेंट लावू नका. ओल आत अडकते आणि रंग दगडाच्या पापुद्र्यासकट सुटतो. बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग काळ्या दगडावर पडतात. फवारा दगडावर न मारता मुळाशी पाणी द्या आणि पडलेले डाग पातळ व्हिनेगरने पुसा, फक्त फरशीवर ते वापरू नका.

पहिल्या पावसात दगड थोडेफार बसतातच. जोराची सर येऊन गेली की छत्री घेऊन फिरा आणि पाणी कुठे थांबतं तिथे काठी रोवून खूण करा. लगेच काही उकरू नका. दसऱ्यानंतर वाफसा आला की त्याच खुणांवर दगड उचला, खाली कच भरा आणि पुन्हा ठोकून बसवा.